‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ : वापरावं की सोडून द्यावं?

धागाकर्ती (न्यू जर्सी): काल मीटिंगमध्ये आपल्याकडचा एक सहकारी म्हणाला, ‘लेट्स कॉल अ स्पेड अ स्पेड.’ काम रखडलंय हे आडपडदा न ठेवता कबूल करू, एवढंच त्याला म्हणायचं होतं. समोरच्या कृष्णवर्णीय सहकारिणीने हातातलं पेन खाली ठेवलं आणि मीटिंग संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत ‘स्पेड’ ही काळ्या माणसाला दिलेली शिवी आहे, पत्त्यांतल्या काळ्या इस्पिकावरून आलेली. आपण हा वाक्प्रचार सोडावा, असं माझं ठाम मत आहे.

काठवट: अजिबात पटलं नाही. या स्पेडचा, म्हणजे फावड्याचा, इस्पिकाशी काडीचा संबंध नाही. इ.स.पू. ३४८ मध्ये ऑलिंथस हे ग्रीक शहर फितुरीमुळे मॅसेडोनियाचा राजा फिलिप याच्या हाती पडलं. त्या फितुरांतला लास्थेनीस फिलिपकडेच गाऱ्हाणं घेऊन गेला: तुमची माणसं आम्हाला गद्दार म्हणतात! प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने फिलिपचं उत्तर दिलंय: आमचे लोक गावंढळ, ते काठवटीला काठवटच म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘स्काफे’, म्हणजे कोरून केलेलं भांडं. आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायची असते, अगदी तशी काठवट. इरॅस्मस या डच विद्वानाने ही गोष्ट लॅटिनमध्ये नेताना तिचं खोदायचं अवजार केलं आणि १५४२ मध्ये अनुवादक निकोलस उडॉलने इंग्रजीत त्याचा ‘स्पेड’ केला. शिवी त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी आली. मग शिक्षा या वाक्प्रचाराला का?

धागाकर्ती: काठवट फार आवडली. पण प्लुटार्क त्या सहकारिणीने वाचलेला असावा, ही अपेक्षा कशी करायची? ‘सरळ सांगतो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

नाशिककर: मी ताईंच्या बाजूने. काठवट, तुमची गोष्ट पुन्हा वाचा. त्या लोकांना पैसे चारून फोडलं फिलिपनेच. काम झाल्यावर ‘आमचे लोक स्पष्ट बोलतात’ हेही तोच सांगतोय. लास्थेनीस गद्दार होताच, पण स्पष्टवक्तेपणाची फुशारकी इथे मारतोय जिंकलेला राजा.

काठवट: हा मुद्दा मला सुचला नव्हता, मान्य. तरीही मी वाक्प्रचार सोडणार नाही. तिच्याशी कुणी बोललं का? नुसता शब्द गाळून गप्प बसणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

धागाकर्ती: आज जेवणाच्या सुट्टीत मी त्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याला हा अर्थ माहीतच नव्हता. डबा तसाच ठेवून तो तिच्या टेबलाकडे गेला.