नव्या डिस्क टाकूनही थरथर? आधी हब बघा

नव्या डिस्क टाकूनही ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं, असं तुम्ही लिहिलंय. आणखी एक जोडी आणण्याआधी हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला फिरता भाग, तपासा. जुन्या पिकअपमध्ये हबच्या ज्या सपाट भागावर डिस्क टेकते तिथे गंजाचा थर धरलेला असतो. तो तसाच राहिला की नवी कोरी डिस्कही किंचित तिरकी बसते. तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, डिस्क नटांनी आवळा आणि डायल गेज (डिस्क फिरवताना ती किती डगमगते ते दाखवणारं काट्याचं मापक) लावा. साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर डिस्क काढून थेट हबवर गेज लावा. दोष कोणाचा ते तिथेच कळतं.

हबमधल्या बेअरिंगचं (ज्यावर चाक फिरतं) म्हणाल तर चाक उचलून वरखाली धरून हलवा. खेळ जाणवला किंवा वळताना घरघर कमीजास्त होत असेल, तर हब आत्ताच बदला. नंतर त्यासाठी पुन्हा सगळं उघडणं फार जिवावर येतं. आणि कृपा करून कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळीवर, लटकत ठेवू नका, तारेने वर बांधा. होज आतून फाटला तर बाहेरून दिसतही नाही. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.