मदत हवी आहे: जुन्या केजन फिडलच्या रेकॉर्डबरोबर वाजवायचंय, व्हायोलिनच्या तारा कशा लावू?

नमस्कार मंडळी,

इथे ह्यूस्टनला एका घराबाहेर जुनं सामान विकायला मांडलं होतं, तिथून दहा डॉलरला रेकॉर्डचा अख्खा खोका उचलला. बहुतेक सगळी ख्रिसमसची गाणी निघाली, पण तळाशी बाल्फा ब्रदर्स या केजन भावांच्या बँडची एलपी सापडली, लुइझियानातल्या व्हिल प्लॅटच्या स्वॅलो कंपनीची, आणि महिना झाला घरात दुसरं काही लागतच नाहीये.

केजन म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. रेकॉर्डवर ड्यूई बाल्फा मुख्य फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवतो, त्याचा भाऊ विल दुसरं. हे दुसरं फिडल बराच वेळ चाल वाजवतच नाही, खालच्या दोन तारांवर एकदम बो घासत ठेका धरतं, म्हणजे तंबोरा आणि तबला दोघांचं काम एकटंच करतं आणि त्यावर ड्यूई असा काही मोकळा सुटतो की बस! विल आणि रॉडनी हे दोघे भाऊ १९७९ मध्ये कार अपघातात गेले, हे वाचल्यापासून मी मुद्दाम ते खालचं फिडलच कान देऊन ऐकतो.

आता अडचण. मी लहानपणी पुण्यात व्हायोलिन शिकलोय, म्हणून साथीला बसलो तर माझ्या सगळ्यात खालच्या तारेच्याही खालचा स्वर रेकॉर्डमध्ये स्पष्ट ऐकू येतो. आधी वाटलं टर्नटेबल हळू फिरतंय, म्हणून रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजले, तीन मिनिटांत बरोबर शंभर, म्हणजे स्पीड ठीक आहे. मग शोधल्यावर कळलं की त्यांचा ॲकॉर्डियन बहुतेक वेळा पांढरी एक पट्टीचा (C) असतो, आणि त्याच्याशी जुळवायला फिडलवाले चारही तारा एक अख्खा स्वर उतरवतात. आपणही गाणाऱ्याच्या पट्टीत तारा लावतोच की, त्यामुळे हे लगेच पटलं.

पण मी उतरवल्या तर खालची तार पार ढिली पडली, जोरात बो मारला की बोटं ठेवायच्या पट्टीवर आपटून झर्रर्र वाजते, आणि नेमका तिथेच तर ठेका धरायचाय. कोणी अशा उतरवलेल्या तारांवर वाजवलंय का? जाड तारा घालाव्यात की घोडी (तारांखालचा ब्रिज) बदलावी लागेल? आणि त्या दुसऱ्या फिडलचा बो नक्की कसा चालतो, वॉल्ट्झला तीन मात्रांमध्ये जोर कुठे द्यायचा, हे कोणी नीट समजावेल का? लेक अकरा वर्षांची आहे, तीही व्हायोलिन शिकते, तिला ड्यूईची चाल द्यायची आणि मी विलच्या जागी बसायचं असं आमचं ठरलंय.

अजून एक, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सुई एकाच जागी अडकते. चरा दिसत नाही, वाळलेला चिकट डाग आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने पुसलं तर चालेल ना? रेकॉर्ड खराब होईल या भीतीने अजून हात लावलेला नाही.

प्लीज सांगा, वाट बघतोय.