इंग्रजीतला 'ग्रॅब' आंग्र्यांच्या गुराबेतून आला का?

देवगडवाला: माझं मत, आला. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे त्यांची लढाऊ जहाजं, इंग्रजांची जहाजं धरायच्या. गोऱ्यांच्या तोंडी गुराबेचं 'ग्रॅब' झालं, आणि ग्रॅब करणं म्हणजे झडप घालून धरणं. आणखी पुरावा कशाला?

खाडीकाठ: तारखांसाठी. हे क्रियापद इंग्रजीत १६व्या शतकाच्या अखेरीस दिसतं, डच-जर्मन घराण्यातून. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली, कान्होजी तर त्यानंतरच्या शतकातले. जहाजाचा 'ग्रॅब' वेगळा. अरबी 'घुराब' म्हणजे कावळा, तीच आपली गुराब. दोन शब्द योगायोगाने सारखे झाले.

देवगडवाला: शब्द अरबी असेल, जहाज आपलंच ना? सभासद बखरीत महाराजांच्या आरमारात गुराबा आहेत.

खाडीकाठ: त्याबद्दल कोण भांडतंय? उलट इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने १८व्या शतकात केलेलं वर्णन वाचा. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीनची सुमारे तीनशे. रुंद, थोड्या पाण्यात तरंगणारी, पुढे लांब नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आणि दोन तोफांची तोंडं सरळ नाळेकडे. म्हणजे शत्रूच्या अंगावर जाता जाताच मारा. वाघोटनच्या खाडीत विजयदुर्गापर्यंत ये-जा करायला असंच जहाज हवं.

शास्त्रीबुवा: त्या क्रियापदाचं नातं कोशकार संस्कृत 'गृभ्'शी लावतात. लग्नात पाणिग्रहणाला आम्ही काय म्हणतो? 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्'. तेव्हा शब्द आपलाच!

खाडीकाठ: बुवा, नातं चुलत आहे. चुलतभावाला मुलगा म्हणून दत्तक घेऊ नका.

मालवणी_माणूस: गुराब अरबांची, ग्रॅब डचांचो, मगे आपला काय रवला?

जयगडकर: आमच्या बंदरात ग्रॅब म्हणजे क्रेनचा लोखंडी पंजा, कोळसा उपसणारा. तो कुठल्या घरचा?

खाडीकाठ: क्रियापदाच्या. कावळ्याचा नव्हे.

देवगडवाला: बरं, वल्ह्यांच्या छोट्या लढाऊ जहाजाला इंग्रज म्हणायचे तो 'गॅलिव्हॅट' तरी आपल्या गलबतावरून?

खाडीकाठ: तिथेही भांडण आहेच. हॉब्सन-जॉब्सन हा १८८६चा कोश त्याला युरोपातल्या 'गॅली'च्या, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजाच्या, कुळात बसवतो, वर इंग्रजांची 'जॉली-बोट', म्हणजे जहाजावरची छोटी होडी, त्यातूनच निघाली म्हणतो. पण तिच्यासारखं नाव इंग्लंडच्या खलाशांत कंपनीच्या आधीपासून होतं. त्यामुळे कोशाचा तो दुसरा दावा मला लंगडा वाटतो.

देवगडवाला: कोशाचा एक दावा लंगडा, मग दुसरा तरी कशाला मानायचा? गलबत माझ्याकडून आपलंच.