डांगे आणि काँग्रेस

कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे पहिल्यापासूनच काँग्रेसधार्जिणे होते असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. १९२१ साली विशीबाविशीतला हा माणूस गांधी विरुद्ध लेनिन अशी पुस्तिका लिहितो, मग इंग्रज सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या कानपूर कटाच्या खटल्यात आत जातो, बाहेर आल्यावर १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, लगेच तसाच मीरत कटाचा खटला, त्यात १२ वर्षांची शिक्षा (अपिलात कमी झाली ते सोडा). संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तर काँग्रेसविरोधातच ते अत्र्यांसोबत गाजत होते आणि १९५७ ला मुंबईतून दणक्यात खासदार झाले.

बदल नंतरचा आहे. १९६२ ला चीनच्या प्रश्नावर ते नेहरूंच्या बाजूने उभे राहिले, माझ्या मते तिथे ते बरोबरच होते, पण पुढे इंदिराबाईंना पाठिंबा देता देता आणीबाणीचंही समर्थन केलं त्याचा बचाव कसा करणार? कम्युनिस्ट पक्षाने नंतर ती चूक मान्य केली, डांगे मात्र अडूनच बसले आणि १९८१ ला स्वतःच्याच पक्षातून बाहेर काढले गेले.