सर्जनशीलता आणि नवोपक्रम एकच आहेत का?

प्रश्न
आमच्या विभागात वर्षातून दोनदा ‘इनोव्हेशन’च्या नावाने बैठक होते. भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या लागतात, सर्वांत भन्नाट कल्पनेला टाळ्या पडतात आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्या चिठ्ठ्यांचे काय झाले हे कोणालाच ठाऊक नसते. मूल्यमापनाच्या अर्जात मात्र ‘नवोपक्रम’ या रकान्यासमोर माझ्याविषयी ‘सर्जनशीलता कमी’ असा शेरा आला आहे. या दोन्ही गोष्टी खरोखर एकच आहेत का?

प्रतिसाद १
नाहीत. सुचणे ही सर्जनशीलता. सुचलेले प्रत्यक्ष वापरात येऊन कोणाचे तरी काम सुधारणे हा नवोपक्रम. तुमच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचेच पाहा. थ्रीएम या अमेरिकी कंपनीतील स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हलके चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद गवसला, पण त्याचे करायचे काय हे कोणालाच उमगेना. पुढे १९७४ मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला, भजनांच्या पुस्तकातील खुणेचे कागद सारखे गळून पडत म्हणून, तो गोंद आठवला. तरीही त्या गोंदाच्या चिकटचिठ्ठ्यांची अमेरिकाभर विक्री सुरू होण्यास १९८० साल उजाडले. मधला बराचसा काळ नमुने करण्यात, उत्पादनाची यंत्रे जुळवण्यात आणि फुकट वाटून लोकांना सवय लावण्यात गेला. हे काम टाळ्यांचे नसते.

प्रतिसाद २
सहमत आहे. आमच्याकडे पाळी बदलताना अर्धवट राहिलेली कामे निसटत, म्हणून एका महिला सहकाऱ्याने नोंदवहीत ‘बाकी काम’ असा रकाना वाढवला. कल्पना अगदीच साधी होती, पण तीन महिने तो रकाना कोणी भरला नाही, कारण तो पानाच्या शेवटी होता आणि तिथपर्यंत पोहोचेपर्यंत सर्वांना घरी जाण्याची घाई झालेली असे. तिने तो पहिल्या ओळीत आणला, पर्यवेक्षकांची सही त्याच्याच शेजारी घेतली आणि मग तो रोज भरला जाऊ लागला. मूल्यमापनात तिला ‘सर्जनशील’ म्हणतील की नाही, शंकाच आहे.

प्रतिसाद ३
थोडा मतभेद नोंदवतो. सर्जनशीलतेला इतके दुय्यम ठरवू नये. तो गोंदच नसता तर पुढची सगळी खटपट कशासाठी झाली असती? शिवाय अंमलबजावणीसाठी अधिकार, वेळ आणि थोडा तरी निधी लागतो. तो न देता कर्मचाऱ्याला शेरा देणे अन्यायाचे आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मागच्या दोन्ही बैठकींतील चिठ्ठ्यांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. पुढच्या वेळी नव्या चिठ्ठ्या लावण्याआधी त्यांतील एक तरी कल्पना कोण, कधीपर्यंत आणि कोणाच्या परवानगीने राबवणार, हे ठरवावे असा लेखी प्रस्ताव वरिष्ठांना देते.