सायकलने नर्मदा परिक्रमा : स्लीपिंग बॅग आणि मॅट कोणती घ्यावी?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून सायकलने नर्मदा परिक्रमेला निघण्याचे माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे नक्की झाले आहे. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६२४ किलोमीटर. रस्त्यांचे वळसे धरले तर अंतर त्याहून वाढेल आणि डिसेंबरचा बराचसा काळ आम्ही वाटेवरच असू. तंबू नेणार नाही. मुक्काम आश्रमांत, धर्मशाळांत आणि तिथे जागा नसल्यास एखाद्या शाळेच्या ओसरीवर करावा लागेल.

गेल्या जानेवारीत सरावासाठी वणीमार्गे सापुताऱ्याकडे गेलो होतो. रात्री एका देवळाच्या ओवरीत शहाबादी फरशीवर मुक्काम केला. माझ्या बॅगेवर ठळक अक्षरांत '५ अंश' असे छापलेले होते आणि सोबतच्या छोट्या तापमापकाचा पारा ९ अंशांखाली गेला नव्हता. तरीही पहाटे तीनच्या सुमारास मी कुडकुडत उठून बसले. पोट आणि छाती गरम होती, पण पाठ आणि कंबर गारठून गेली होती. ताईची बॅग माझ्याच बॅगेसारखी आहे. फक्त तिने खाली आईने शिवलेली गोधडी अंथरली होती आणि माझ्याखाली प्लास्टिकची पातळ चटई होती. ताई उजाडेपर्यंत शांत झोपली.

आता दोघींसाठी मिळून पंधरा हजारांपर्यंत खर्च करता येईल. हे पैसे जाड बॅगेवर घालावेत की मॅटवर? पिसांची बॅग चांगली की सिंथेटिक?

उत्तर (गंगापूर रोड)

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ताईंच्या गोधडीनेच दिले आहे. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या भरावात अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. आपण आडवे झालो की पाठीखालचा भराव वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तिथे कापडाचे दोन थर तेवढे उरतात. त्याखाली रात्रभर निवलेली फरशी असेल तर ती अंगातली ऊब ओढून घेत राहते. म्हणून आधी मॅट घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बॅग पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मॅटची उष्णतारोधकता 'आर-व्हॅल्यू' या आकड्याने सांगतात. घडीच्या चांगल्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू साधारण २ असते, आत भराव नसलेल्या हवेच्या मॅटची जेमतेम १ आणि भराव किंवा परावर्तक थर असलेल्या हवेच्या मॅटची ३ ते ५ किंवा त्याहूनही जास्त. एकावर एक दोन मॅट अंथरल्यास या आकड्यांची सरळ बेरीज होते. डिसेंबरातल्या फरशीसाठी ३ च्या खाली उतरू नये.

बॅगेवरचा आकडा वाचताना तो कोणता आहे, हे आधी पाहावे. युरोपात २००२ पासून रूढ झालेल्या आणि पुढे आयएसओ २३५३७ झालेल्या मानकात 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम' असे तीन आकडे असतात. कम्फर्ट आकडा साठ किलो वजनाची स्त्री सैल अंगाने आरामात झोपेल, असे गृहीत धरून काढतात. लिमिट आकडा त्र्याहत्तर किलोच्या पुरुषाने अंग आखडून रात्र काढण्याचा असतो. एक्स्ट्रीम आकड्याला तर फक्त जीव वाचतो, झोप लागत नाही. ही चाचणी अंगात एक थर कपडे घातलेल्या बाहुल्याला मॅटवर निजवून होते. मॅट नसेल तर तिन्ही आकडे निरर्थक ठरतात. आपल्या बॅगेवरचा ५ हा आकडा बहुधा कम्फर्टचा नसावा. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे आणि तिथली डिसेंबरची रात्र कडाक्याची असते, म्हणून मी कम्फर्ट ५ अंशांच्या आतली बॅग घेतली असती.

उत्तर (नाशिक रोड)

वरील सर्व योग्य आहे. तरीही नुसत्या हवेच्या मॅटवर विसंबून आपण निघू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दोन वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या काठी एका बाभळीपासून चांगले वीस पावले दूर मी मॅट अंथरली होती. मध्यरात्री कुशीवर वळलो तर खांदा थेट जमिनीला लागला. सकाळी मॅट पाण्यात दाबून धरली, तेव्हा शिवणीजवळ मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. काटा आतच मोडला होता. ठिगळ दहा मिनिटांत बसले, पण रात्र बसून काढावी लागली होती.

त्या दिवसापासून मी खाली घडीची फोम मॅट आणि वर पातळ हवेची मॅट घेतो. फोमला काटा टोचला तरी काही बिघडत नाही, दुपारी झाडाखाली टेकायलाही तीच कामी येते आणि कॅरिअरवर आडवी बांधली की पावसाची भीती नाही. आकाराने मोठी दिसते, हे खरे. परंतु सायकलवर चारशे ग्रॅमचा भार जाणवतही नाही. हवेची मॅट तोंडाने फुगवू नये, श्वासातली ओल आत साचते. सोबत मिळणारी पंपाची पिशवी वापरावी.

उत्तर (सातपूर)

पिसे की सिंथेटिक, हा मुद्दा राहिला. पिसांची बॅग हलकी असते आणि घडी लहान होते, पण भिजली की गोळा होऊन ऊब सोडते. काठावरच्या मुक्कामात पहाटे दव आणि धुके असणारच, शिवाय आपल्या खर्चाच्या मर्यादेत दोन चांगल्या पिसांच्या बॅगा बसणेही अवघड आहे. सिंथेटिक घ्यावी. आत सुती अस्तराची वेगळी पिशवी घालावी. ती रोज धुता येते, बॅग मळत नाही आणि आश्रमात मिळालेले कांबळे वरून पांघरले तर आणखी दोन-तीन अंश निभावतात. झोपण्यापूर्वी मोजे आणि अंगातले कपडे कोरडे असावेत. दिवसभराच्या घामाच्या कपड्यांत झोपल्यास कोणतीही बॅग उपयोगी पडत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. दोघींसाठी घडीच्या फोम मॅट आणल्या आणि सध्याची बॅग न बदलता तीन रात्री गच्चीवर झोपून पाहिले. काल पारा ११ अंशांवर होता आणि पाठीला गारवा लागला नाही. पहाटे खांद्यापाशी मात्र वारा शिरत होता, कारण या बॅगेला हूड नाही. त्यामुळे आता हूड आणि गळ्याशी दोरी असलेली, कम्फर्ट ५ अंशांची सिंथेटिक बॅग आणि वर एकेक पातळ हवेची मॅट, असे ठरवले आहे. एक शंका उरते : रोज पहाटे घाईने गुंडाळलेली बॅग दमट राहील, तिचे काय करावे?

उत्तर (गंगापूर रोड)

दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर बॅग उलटी करून अर्धा तास सायकलवर उन्हात टाकावी, तेवढ्याने ओल जाते. परतल्यावर मात्र लहान पिशवीत कोंबून ठेवू नका. भराव कायमचा बसतो. कपाटात सैल टांगावी किंवा उशीच्या मोठ्या अभ्र्यात मोकळी ठेवावी.