रात्रीच्या कीर्तनासाठी रेंजफाइंडरवर कोणती लेन्स : ३५ मिमी एफ/१.४ की २८ मिमी एफ/२?

मूळ मुद्दा

लायका एम६ या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (यात लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवतात) ५० मिमी एफ/२ ही एकच लेन्स लावून मी आजवर काम केले आहे (मिमी जितके कमी तितके दृश्य रुंद, एफ/ चा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). पालखीच्या मुक्कामी रात्री होणारे कीर्तन मात्र तिच्यात मावत नाही, कारण कीर्तनकार, त्यांच्या मागचे टाळकरी आणि पखवाजवादक हे सगळे माझ्यापासून जेमतेम सहा-सात फुटांवर असतात. एचपी५ फिल्म १६०० ला ढकलून (म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी प्रकाश देऊन आणि मग जास्त विकसन करून) वापरली तरी तिथल्या उजेडात एफ/२ वर १/१५ सेकंदच मिळतो, तोच एफ/१.४ वर १/३० होतो. रेंजफाइंडरमध्ये इतर काही कॅमेऱ्यांप्रमाणे बटण दाबताना आरसा उडत नसल्यामुळे १/१५ ला माझा हात स्थिर राहतो, पण टाळकऱ्यांचे हात स्थिर नसतात. म्हणून फोख्टलेंडरची नॉक्टन ३५ मिमी एफ/१.४ घ्यावी, असे माझे मत आहे. ती लहान आहे आणि लायकाच्या सुमिलक्स या तशाच लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. दोन मीटरवर ३५ मिमी एफ/१.४ ची स्पष्टतेची खोली (म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरात चित्र स्पष्ट येते ती), नेहमीचे मानक धरून, सुमारे २७ सेंटिमीटर येते, तर २८ मिमी एफ/२ ची सुमारे ६३ सेंटिमीटर. कीर्तनकार अभंगाच्या ओघात सहज एक पाऊल पुढे-मागे होतात आणि ते पाऊल २७ सेंटिमीटरहून मोठे असते. अंधुक उजेडात रेंजफाइंडरच्या ठिपक्यातील दोन प्रतिमा जुळवून, मग चौकट सरकवून बटण दाबेपर्यंत चेहरा स्पष्टतेबाहेर गेलेला असतो, आणि अशा वेळी वाचवलेल्या एका स्टॉपचा (दुप्पट प्रकाशाचा) काहीच उपयोग उरत नाही. त्यापेक्षा २८ मिमी एफ/२ घेऊन फिल्म ३२०० ला ढकलावी. दाणा वाढेल, पण दाणेदार चेहरा मला पुसट चेहऱ्यापेक्षा केव्हाही मान्य आहे.

प्रतिसाद २

फिल्म ढकलल्याने उजळ भागांचा कॉन्ट्रास्ट वाढतो, सावलीतला तपशील मात्र निर्माण होत नाही, कारण जिथे पुरेसा प्रकाश पोहोचलाच नाही तिथे विकसन कितीही वाढवले तरी फिल्मवर काही उमटत नाही. पांढरा फेटा, त्याखाली सावळा चेहरा आणि वरून पडणारा एकाच दिव्याचा प्रकाश, असे दृश्य ३२०० ला घेतले तर डोळ्यांच्या खोबणी कोऱ्या येतील. तो एक स्टॉप लेन्सनेच द्यावा लागतो. शिवाय ०.७२ पट दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमध्ये (पाहण्याच्या खिडकीत) २८ मिमीची चौकट अगदी कडेला असते आणि चष्मा लावणाऱ्याला ती एका नजरेत पूर्ण दिसत नाही. आपण चष्मा लावता का, हे मूळ लेखकांनी सांगावे.

प्रतिसाद १

चष्म्याचा मुद्दा मला मान्य आहे, सावलीचाही बऱ्याच अंशी मान्य आहे. हात फिरलेला (हालचालीमुळे पुसट) दिसणे हा मात्र दोष आहे, असे मला वाटत नाही. निरूपण चालू असताना टाळकरी शांत उभे असतात, तेव्हा १/१५ पुरतो. गजर सुरू झाल्यावर चेहरा स्थिर आणि टाळ फिरलेले आले, तर ते त्या क्षणाचे अधिक खरे चित्र आहे.

प्रतिसाद ३

नॉक्टनविषयी एक इशारा द्यायला हवा. तिच्या पहिल्या आवृत्तीत अॅपर्चर (लेन्सचे प्रकाशछिद्र) बंद करत गेल्यावर फोकसचे प्रतल, म्हणजे चित्र सर्वांत स्पष्ट येते ते अंतर, मागे सरकते आणि एफ/२.८ ते एफ/४ च्या आसपास हे जाणवते. आपण लेन्समधून पाहत नसल्यामुळे रेंजफाइंडरवर ते डोळ्यांना दिसत नाही, फिल्म धुतल्यावरच कळते. केवळ रात्री पूर्ण उघडी वापरणार असाल तर अडचण नाही, पण सकाळी वाटचालीची छायाचित्रे त्याच लेन्सने घेणार असाल तर आधी तपासून पाहावे. त्साइसची डिस्टागॉन ३५ मिमी एफ/१.४ स्पष्ट चित्र देते, परंतु तिचे नळकांडे व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा अडवते आणि पखवाजवादक नेमका तिथेच बसलेला असायचा! त्साइसचीच बायोगॉन ३५ मिमी एफ/२ मला मधला मार्ग वाटते, कारण दोन मीटरवर ती सुमारे ४० सेंटिमीटरची खोली देते.

मूळ लेखक

मी चष्मा लावतो, त्यामुळे २८ मिमी माझ्यापुरती बाद झाली. फिरलेल्या टाळांविषयीचे मत मला पटत नाही. माझ्याकडे १/१५ ला घेतलेल्या निगेटिव्ह आहेत आणि त्यांत हातांसोबत मानाही हललेल्या आहेत, कारण गजरात माणूस अख्खा डोलतो. खोलीचे गणित मात्र मी केले नव्हते. आता निरूपणात एफ/२ आणि गजरात एफ/१.४ असे वापरण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी नॉक्टनची दुसरी आवृत्ती कोणाकडून दोन दिवस उसनी मिळाली तर गावच्या देवळातल्या एकादशीच्या कीर्तनात एक रोल तिच्यावर आधी खर्च करेन.